बिदरी डबी: चांदीपेक्षा काळा धातू बघा

बिदरीकामात, म्हणजे कर्नाटकातल्या बिदरच्या, काळ्या धातूत चांदी जडवायच्या कलेत, सगळ्यांची नजर चांदीच्या वेलबुट्टीवर जाते. खरी गोष्ट त्या काळ्या धातूत आहे. साधारण १६ भाग जस्त, १ भाग तांबं. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे भट्टीत त्याची वाफच होते. युरोपात विल्यम चँपियननं ते गाळण्याचं पेटंट १७३८ मध्ये घेतलं. राजस्थानातल्या जावरला कितीतरी शतकं आधी वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या लावून, वाफ खाली उतरवून जस्त काढत होते. याबद्दल फार कमी बोललं जातं.

डबी हातात घेतल्यावर आधी वजन बघा. खरी बिदरी चांगलीच जड लागते. हलकी वाटली तर अ‍ॅल्युमिनियमचा संशय घ्या. मग तारकशीवरून, म्हणजे खाचेत बसवलेल्या चांदीच्या तारेवरून, नख फिरवा. तार अडकली, तर खाच उथळ कोरलेली आहे आणि ती पुढेमागे उचकटणार.

काळेपणा हा रंग नव्हे. बिदर किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या गरम लेपानं जस्ताचा पृष्ठभाग काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. म्हणून चिंच, लिंबू किंवा चांदी घासायची पावडर लावू नका, काळा थर जातो. फिका पडलाच तर थोडं खोबरेल मऊ फडक्यानं चोळा. मिश्रधातू ठिसूळ, फरशीवर पडला तर तडकतो.

डबी जरूर घ्या. पाणी भरायची फुलदाणी मात्र टाळा.