कुलूपवाला गेम की बिनकुलपाचा?

कळव्यात दुरुस्तीसाठी लाईट गेली की आधी वायफाय मरतं. मग लॅपटॉपच्या बॅटरीवर गेम चालेल की नाही, हे तो कुठून घेतला यावर.

डेनुवो म्हणजे गेमची चोरटी कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप. ते लावलेला गेम पहिल्यांदा नेटवरून परवानगी मागतो. अपडेट आलं, मशीन बदललं की कधीकधी पुन्हा. कंपन्यांचं गणित मला पटतं: मोठी विक्री पहिल्या काही आठवड्यांतच, तेवढा वेळ क्रॅक (कुलूप तोडलेली फुकट कॉपी) अडला तरी पुष्कळ. पण भुर्दंड पैसे मोजणाऱ्यालाच. २०१३ चा सिमसिटी गेम आठवा: सतत ऑनलाइनची सक्ती, सर्व्हर आडवे, विकत घेणारे ताटकळत. ऑफलाइन मोड यायला २०१४ उजाडलं! फुकट्याला क्रॅक मिळाला की असली कटकटच नाही.

जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर २००८ पासून कुलूपच नाही. इन्स्टॉलर उतरवा, पेनड्राइव्हवर टाका, नेट नसलं तरी चालवा. विचर ३ हा गेम तिथे २०१५ मध्ये पहिल्याच दिवशी असा मोकळा आला, तरी तुफान खपला. दोस्ताला कॉपी देणं सोपं, हे खरंच. शिवाय बरेच नवे मोठे गेम तिथे उशिरा येतात, काही येतच नाहीत.

मल्टिप्लेअर असेल तर मी कुलपासकट घेतो, नेट तसंही लागतंच. एकट्याने खेळायचा असेल तर जीओजीवर यायची वाट बघतो.