माइल्स की कोल्ट्रेन? ख्याल ऐकणाऱ्या कानांसाठी

जॅझमध्ये शिरायचं तर सुरुवातीला एका कुणाचं बोट धरावं, हे बहुतेकांना पटतं. अडतं ते कुणाचं यावर: ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं की सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचं? दोघेही १९२६चे, दोघेही हेरॉइनच्या विळख्यातून सुटलेले, आणि १९५५ ते १९६० मध्ये बराच काळ एकाच बँडमध्ये.

माइल्सच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. गडी एका जागी कधी बसला नाही. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करच्या सोबतीने बीबॉप (वेगवान, गुंतागुंतीचं जॅझ), १९४९-५०ला 'कूल' ही शांत शैली, १९५९ला 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम, आणि १९६९ला इलेक्ट्रिक पियानो-गिटार घेऊन 'बिचेस ब्रू'. नुसतं त्याच्या मागे चाललात तरी जॅझचा निम्मा इतिहास पायाखालून जातो. कोल्ट्रेनचं स्वतःच्या नावावरचं काम जेमतेम दहा वर्षांचं. १९६७ मध्ये, चाळीस वर्षांचा असतानाच, तो यकृताच्या कर्करोगाने गेला.

तरी माझं घोडं अडलं ते 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्याच 'सो व्हॉट' या रचनेपाशी. बास (खालचे सूर धरणारं मोठं तंतुवाद्य) विचारतो, बाकीचे दोन कॉर्डमध्ये (एकदम वाजवलेल्या सुरांच्या जुळणीत) उत्तर देतात. मग सोळा बार (चार-चार मात्रांचे तुकडे) 'डी' सुरावर, आठ बार अर्धा सूर वर, आठ परत खाली. झकास. पण माइल्सची दोन आवर्तनं, कोल्ट्रेनची दोन, दुसरा सॅक्सवाला कॅननबॉल अ‍ॅडर्ली याची दोन, असा हिशेब. कोल्ट्रेन आता कुठे रंगात येतोय म्हणावं तोच पाळी संपते. एका रागात तासभर बसणाऱ्याला हे जेवता जेवता पुढ्यातलं ताट उचलल्यासारखं वाटतं. इतरांना कदाचित वाटणार नाही; मला मात्र दर वेळी वाटतं.

थांबायचं कसं तेच कळत नाही, असं कोल्ट्रेन म्हणाला तेव्हा माइल्सने त्याला तोंडातून वाद्य काढायला सांगितलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. मला नेमकं ते न थांबणंच हवं होतं. १९६०च्या 'माय फेव्हरिट थिंग्ज'मध्ये ते मिळतं: पावणेचौदा मिनिटं, मॅकॉय टायनर पियानोवर दोनच कॉर्ड घोळवत राहतो आणि वर सोप्रानो सॅक्स सावकाश उलगडत जातो. (टायनरलाही मुबलक जागा आहे.) डिसेंबर १९६४च्या 'अ लव्ह सुप्रीम'च्या पहिल्या भागात तर बासने धरलेली चार सुरांची आकृती कोल्ट्रेन पुढे बाराही पट्ट्यांतून फिरवतो. षड्ज सतत हलतो, पण आकृती सुटत नाही, म्हणून कान गोंधळत नाही.

माइल्सच्या १९७२च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये तबला-सतार आहे, म्हणून ते आपल्याला जवळचं वाटेल असं समजू नका. तिथे ती वाद्यं रंगापुरती आहेत, असं माझं मत. कोल्ट्रेनने रविशंकरांचं संगीत मन लावून ऐकलं होतं, मुलाचं नावही रवी ठेवलं. १९६१ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये वाजवलेल्या 'इंडिया'त दोन बास मिळून जो आधार धरतात, तो मला जास्त ओळखीचा वाटतो.

गाडीत, गप्पांमागे किंवा थोड्या थोड्या वेळाने ऐकणार असाल तर माइल्सच घ्या, पस्तावणार नाही. आणि कोल्ट्रेन घेतलात तरी १९६५च्या 'असेन्शन'ला एवढ्यात हात लावू नका. अकरा जणांचा तो चाळीसेक मिनिटांचा कल्लोळ घरात माणसं असताना स्पीकरवर लावायची माझी अजून हिंमत होत नाही.