जुन्या धाटणीच्या व्हॅलेंटाइन चित्रांसाठी इंकजेट की लेझर?

व्हॅलेंटाइन डेसाठी व्हिक्टोरियन काळातली गुलाब, कबुतरे आणि क्युपिड यांची चित्रे छापून भेटकार्डे करायची किंवा ती चित्रे कातरून भेटीच्या डबीवर चिकटवायची, तर पहिला प्रश्न छपाईचा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली अशी पुष्कळशी चित्रे क्रोमोलिथोग्राफीने, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली असत, आणि त्यांतल्या गुलाबी छटांचा मऊपणा मॅट कागदावरच्या इंकजेट छपाईत अधिक चांगला उतरतो. मात्र घरगुती इंकजेटची शाई पुष्कळदा पाण्यात विरघळणारी असते. फेव्हिकॉलने ओलसर झालेले बोट फिरले, की गुलाबाचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्या पंखावर पसरतो आणि तासाभराचे नाजूक कातरकाम वाया जाते. लेझरचा टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकयुक्त पूड असल्याने तो ओलाव्याला दाद देत नाही. घडीवर मात्र त्याचा थर तडकून पांढरी रेघ उमटते. म्हणून डबीवर चिकटवायच्या चित्रांसाठी मी लेझरच निवडेन. एस्थर हाउलँड यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वूस्टर इथे करायला घेतली, तशी जाळीदार कागदाची घडीची कार्डे करायची असतील, तर मात्र इंकजेटच घ्यावे आणि ओल्या गोंदाऐवजी दुहेरी चिकटपट्टी वापरावी.