बागेतले सेन्सर: झिग्बी घ्यावं की लोरावॅन?

झिग्बी आणि लोरावॅन या सेन्सरचे आकडे बिनतारी पाठवायच्या दोन पद्धती. विक्रेता दोन्हींबद्दल एकच सांगतो: ‘एईएस-१२८ आहे साहेब, काळजी नको.’ खोटं नाही ते. संदेश गुप्त ठेवणारं हे कुलूप दोन्हीकडे सारखंच मजबूत आहे. फरक आहे तो किल्ल्यांचा, म्हणजे ते उघडणाऱ्या गुप्त आकड्यांचा. त्या किती आहेत, कोणाकडे आहेत आणि एक हरवली तर काय होणार, एवढंच बघायचं.

निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग धरू. पानांवरचा ओलावा मोजून डाऊनी या बुरशीच्या रोगाचा अंदाज बांधायचा, त्यावर फवारणी ठरवायची. आकडा कोणी खोटा घुसवला तर फवारणी एक तर राहते, नाही तर विनाकारण होते. आणि माल युरोपला जाणार असेल तर जादा औषधाचा अंश तपासणीत अडवतो. त्यात सेन्सर बांधालगत खांबावर, रात्रंदिवस उघड्यावर. त्यामुळे हॅकरच्या आधी भुरटा चोर आठवावा.

झिग्बीत जाळ्यातले सगळे नोड, म्हणजे जोडलेली उपकरणं, एकच नेटवर्क की (सामाईक किल्ली) वापरतात. एक नोड कोणी उपटून नेला आणि चिपमधून ती की वाचली, तर अख्ख्या बागेचं बोलणं त्याच्या हाती. दुसरी गोम जोडणीच्या क्षणाची. नव्या नोडला ही की हवेतूनच पाठवतात आणि जुन्या पद्धतीत ती ज्या किल्लीने झाकतात ती जगजाहीर आहे: ‘झिगबीअलायन्स०९’, इंग्रजीत मोजून १६ अक्षरं! झिग्बी ३.० मध्ये प्रत्येक उपकरणाला वेगळा इन्स्टॉल कोड (ज्यातून त्याची स्वतःची जोडणीची किल्ली बनते) देण्याची सोय आहे. बसवणाऱ्याने ती वापरली का, हे मात्र विचारावं लागतं.

लोरावॅनमध्ये प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र ॲपकी (त्याची मूळ किल्ली) देता येते. एक चोरीला गेला तर सर्व्हरवर तेवढाच बाद करायचा. सेन्सरचे संदेश सर्व्हरकडे पोचवणाऱ्या गेटवेकडे मोजमापं उघडायची किल्ली नसतेच, तो नुसता पोस्टमन. शिवाय ८६५-८६७ मेगाहर्ट्झची लहर दाट पानांतून २.४ गिगाहर्ट्झच्या झिग्बीपेक्षा बरी जाते, हा वरकड फायदा.

पण इथे मला एक गोष्ट जास्त सतावते. जोडणीच्या दोन रीती आहेत: ओटीएए आणि एबीपी. ओटीएएत सेन्सर दर जोडणीला सर्व्हरशी नव्या सत्रकिल्ल्या (त्या जोडणीपुरत्या किल्ल्या) ठरवतो. एबीपीत त्या कायमच्या कोरलेल्या असतात. बॅटरी बदलली की साध्या उपकरणात संदेशांची मोजणी शून्यावर येते, सर्व्हर जुना क्रमांक म्हणून संदेश नाकारतो, आणि वैतागलेला तंत्रज्ञ ती तपासणीच बंद करून टाकतो. झालं! मग परवा टिपून ठेवलेला संदेश आज पुन्हा सोडला तरी खरा ठरतो. ठिबकचा व्हॉल्व्ह याच जाळ्यावर असेल तर हे महागात पडेल.

जॅमिंगपुढे, म्हणजे कोणी मुद्दाम लहरींचा गोंधळ करून संदेश अडवले तर, दोन्ही हतबल. डेटा थांबला की फोनवर इशारा यावा, इतपतच बंदोबस्त.

उघड्या बागेसाठी मी ओटीएएवरचं लोरावॅनच घेईन. पॅकहाऊसमध्ये, कुलूपबंद भिंतींच्या आत, इन्स्टॉल कोड वापरून झिग्बी चालेल. पैसे देण्याआधी सेन्सरची बॅटरी काढून परत घालायला सांगा: सर्व्हरच्या पडद्यावर नवी जॉइन रिक्वेस्ट (जोडणीची विनंती) दिसली तर ओटीएए, नुसतेच आकडे सुरू झाले तर बहुधा एबीपी. आणि ॲपकी कधीकधी सेन्सरच्या डब्यावरच्या क्यूआर स्टिकरवरच असते. ते काढून घरी वहीत चिकटवा, मगच डबा खांबावर चढवा.