औषध मारायचा बॅटरी पंप: चिखलात सायकल पळवणाऱ्या ग्रुपसाठी कसा आहे?

सायक्लोक्रॉस, म्हणजे चिखल-मातीतली, मध्ये अडथळा आला की सायकल खांद्यावर घेऊन पळायची शर्यत खेळणाऱ्या पाच-सहा जणांनी मिळून पहिली सामाईक वस्तू कोणती घ्यावी, तर १६ लिटरचा पाठीवरचा बॅटरी पंप. शेतात औषध मारायला असतो तोच. बेळगावात, खानापुरात, निपाणीत कुठल्याही कृषी सेवा केंद्रात साधारण अडीच ते चार हजारांत मिळतो. सहा जणांत वाटला तर माणशी पाचशेच्या आसपास पडतात. एकट्यासाठी मात्र घेऊ नका. एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने गन चालवली की निम्मं पाणी वाया जातं आणि मागचं चाक फिरवायला हातच उरत नाही.

आपल्या भागात पंप लागतो तो मातीमुळे. जांबोटी-खानापूरकडे जांभ्याची तांबडी माती. तिच्यातले बारीक खडे ब्रेकपॅड आणि साखळी खातात. बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी माती टायरवर थरावर थर चढते आणि फोर्कच्या माथ्याशी, मागच्या बेचक्यात अशी गच्च बसते की चाक फिरायचंच थांबतं. आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायर जास्तीत जास्त ३३ मिलिमीटर रुंद चालतो. एवढा अरुंद टायर घालूनही काळ्या मातीत मधली फट बुजते, मग चाळीस मिलिमीटरचा घातला तर विचारायलाच नको. खानापूरची माती तर मडकी आणि कौलं करायची. ती सुकू दिली तर नंतर ब्रशलाही दाद देत नाही, म्हणून धुवायचं ते ओलं असतानाच.

मोठ्या शर्यतीत अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी असते, पिट (सायकल बदलायची, धुवायची वाटेकडेची जागा) बहुधा फेरीत दोनदा लागतो आणि खेळाडू तिथे सायकल बदलतो. एक सायकल पळत असते तेव्हा दुसरी धुतली जात असते. हौशी माणसाकडे सायकल एकच. तो पिटमध्ये उतरतो, मित्र धुतात आणि अर्ध्या मिनिटात तो पुन्हा बाहेर. या अर्ध्या मिनिटासाठी हा पंप फार चांगला आहे.

याचा जोर तीन-चार बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास. वॉशिंग सेंटरच्या गनचा शंभरच्या पुढे जातो. ती गन माती पटकन उडवते खरी, पण हब (चाकाचा मध्य), हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांमधलं बेअरिंग) यांच्या सीलमधून पाणी आत ढकलते. ग्रीस दुधासारखं पांढरं पडतं आणि काही दिवसांनी पेडल मारताना करकर सुरू होते. बॅटरी पंपात ती धास्ती बरीच कमी. तरी धार हबवर आडवी धरू नये, वरून खाली मारावी. पेट्रोलवर चालणारा, फार जोराचा एचटीपी पंप या कामाला नको. हाताने दांडा मारायचा पंप स्वस्त आहे, पण त्यात एक हात कायम दांड्यावर अडकतो.

नोझल कुठलं लावता यावर निम्मं काम ठरतं. पंपासोबत दोन-तीन प्रकार येतात. चार भोकांचं नोझल धुकं करतं. पिकाला चांगलं, चिखलाला निरुपयोगी. पंख्यासारखी चपटी धार देणारं लावा. पितळेचं फिरवून धार बारीक-मोठी करायचं मिळालं तर तेही घ्या, जॉकी व्हीलच्या (मागे साखळी ताणून धरणाऱ्या छोट्या चाकांच्या) दातांतली माती काढायला त्याची बारीक धार लागते.

पिटमधला क्रम असा ठेवावा. एकाने सीट धरून मागचं चाक उचलायचं आणि क्रँक उलटा फिरवत राहायचा. दुसऱ्याने आधी मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्या), मग मागचं बेचकं, मग फोर्कचा माथा, ब्रेक कॅलिपर आणि शेवटी दोन्ही पेडल. पेडल विसरतात. त्यात माती राहिली की क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलात अडकणारी पट्टी) बसत नाही आणि धुऊन मिळवलेला वेळ पुढच्या चढावर जातो. फ्रेम, हँडल, बाटलीची जागा यांना हात लावायचा नाही. एका धुण्याला लिटर-सव्वा लिटर पाणी लागतं, म्हणजे भरल्या टाकीत बारा-पंधरा वेळा होतं. शर्यत संपल्यावर सगळी सायकल धुवायला चार-पाच लिटर धरा. नंतर साखळी फडक्याने कोरडी करून ओल्या हवेचं तेल लावा. रॉकेल किंवा डिझेल फवारू नका. ते रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) उडालं की पॅड बाद.

भरलेला पंप एकवीस-बावीस किलोंचा होतो. पाठीवर घेऊन पिटमध्ये उभं राहू नका. उलट्या क्रेटवर ठेवा आणि पाइप लांबीला पुरतो का ते आधी बघा.

आता ज्यासाठी हा पंप सामाईक घ्यायचा ते. हौशी शर्यतीत गट एकामागून एक सुटतात. ज्याचा गट आधी संपला तो गनवर उभा राहतो आणि ज्याच्याशी पुढच्या रविवारी चुरस असते त्याचीच सायकल धुतो. या खेळातलं आम्हाला सगळ्यात आवडणारं हेच. पण त्यासाठी काही गोष्टी सकाळीच ठरवून घ्याव्यात. दोघे एकदम पिटमध्ये आले तर आधी आलेल्याची सायकल आधी, मग मागून आलेला कितीही जवळचा मित्र असो. थांबवायचा शब्द सायकलवाल्याचा. तो ‘बास’ म्हणो की कानडीत ‘साकु’, गन बंद. टाकी पाव उरली की भरायला कोण जाणार, त्याचं नाव आधीच ठरलेलं हवं. ग्रुप फुटतात ते शर्यतीतल्या हारजितीवरून नाही, अशा बारीक गोष्टींवरून.

नवा माणूस आला तर त्याला गनवर उभं करा. पिटमधून त्याला प्रत्येकाचं उतरणं, चढणं, सायकल खांद्यावर घेणं जवळून दिसतं. वाटेत आडव्या लावलेल्या चाळीस सेंटिमीटरच्या फळीवरून सायकलसकट उडी मारावी की उतरून पळावं, हे तो बघून शिकतो. युरोपात शर्यतीला गुरांच्या घंटा वाजवतात. आपल्याकडे बैलांच्या घंटा बाजारात मिळतात, एखादी पंपाच्या पट्ट्याला बांधून ठेवायला हरकत नाही.

बिघाड बहुतेक तीनच. ओढ्याचं गढूळ पाणी भरलं की जाळी आणि नोझल चोंदतं. टाकीच्या तोंडाला सुती फडकं लावूनच पाणी ओता. गन सोडल्यावरही मोटर थांबत नसेल तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर प्रेशर स्विच गेला आहे; आधी गनच्या दांडीचे वॉशर बघा, दोन-तीन जादा जवळ ठेवा. तिसरा बिघाड बॅटरीचा आणि तो दर वर्षी होतो. १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी पावसाळा संपल्यावर तशीच पडून राहिली की उतरते आणि पुन्हा चार्ज धरत नाही. नवी घ्यायला हजाराच्या आसपास जातात.

औषध मारलेला जुना पंप कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. तणनाशकाचा अंश टाकीत आणि पाइपात राहतो आणि ते पाणी तोंडावर, हातावर उडणार असतं. नवाच घ्या आणि मैदानाच्या सगळ्यात जवळ ज्याचं घर असेल त्याच्याकडे ठेवा. महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायचं काम त्याचं, आणि त्याबद्दल वर्गणीत त्याला सूट द्या.