फेसाळणारी ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी : रक्तदाबाच्या रुग्णासाठी घेण्यापूर्वी वाचावे असे काही

गेल्या डिसेंबरात बाबांचा रक्तदाब वाढलेला आढळला, तेव्हा गोव्यातल्या म्हापशाच्या एका औषधालयातून आम्ही पाण्यात विरघळणाऱ्या ‘क’ जीवनसत्त्वाच्या २० गोळ्यांची नळी आणली. वेष्टनावर ‘ऑक्सिडेटिव्ह ताणापासून संरक्षण’ असे ठळक छापलेले होते. आमच्या जेवणात खारट पदार्थ फार असल्याने शरीराची जी हानी होते ती या गोळीने भरून निघेल, अशी घरात सर्वांची, विशेषतः आईची, समजूत झाली. रोज दोन गोळ्या याप्रमाणे चार नळ्या संपल्यानंतर हे लिहीत आहे.

चवीबद्दल तक्रार नाही. गोळी पेल्याच्या तळाशी जाते, फेसाळत झिजते आणि शेवटी नखाएवढी होऊन वर तरंगते. गाळ राहत नाही, संत्र्याचा वास सौम्य आहे, आणि मोठ्या गोळ्या गिळताना ज्यांना ठसका लागतो त्यांना ती सोयीची आहे.

आक्षेप आहे तो याच फेसाबद्दल. सायट्रिक आम्ल आणि सोडियम बायकार्बोनेट पाण्यात एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे फेस हवा तर सोडियम आलेच. नळीच्या मागे, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, एका गोळीत ३०० मिलिग्रॅम सोडियम असल्याचे छापले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे साधारण चमचाभर मीठ, घ्यावे. बाबांच्या दोन गोळ्यांतच त्यातले ६०० मिलिग्रॅम संपत होते. ज्या हानीवर उपाय म्हणून गोळी घ्यायची, त्या हानीच्या कारणातच ती भर घालत होती, आणि हे पुढच्या बाजूला कुठेही लिहिलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘संरक्षण’ हा शब्दही तपासून पाहायला हवा. मीठ अति झाले की रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात सुपरऑक्साइड नावाचा अतिक्रियाशील रेणू वाढतो आणि रक्तवाहिनीला सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड तो नाहीसे करतो. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. रक्तदाब न वाढलेल्या माणसांतही हे घडते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, मिठाने ज्यांचा रक्तदाब चढत नाही अशा निरोगी माणसांना आठवडाभर खारट आहार दिला, तेव्हा त्यांच्या त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे प्रसरण मंदावले आणि ‘क’ जीवनसत्त्व दिल्यावर ते सुधारले. गोळीच्या बाजूने बोलणारा पुरावा आहे तो असा. मात्र ते जीवनसत्त्व तोंडावाटे दिलेले नव्हते, ते थेट त्वचेत सोडलेले होते.

गोळ्या गिळून काय होते, ते ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने २००२ साली दाखवले. हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना रोज ६०० मिलिग्रॅम ‘ई’, २५० मिलिग्रॅम ‘क’ आणि २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन (शरीर ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य) पाच वर्षे देण्यात आले. त्यांच्या रक्तातील जीवनसत्त्वांचे प्रमाण वाढले, पण हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा मृत्यू यांत घट झाली नाही. धूम्रपान करणाऱ्यांत तर बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे फिनलंडमधील चाचणीत १९९४ सालीच दिसले होते.

आमच्या घरातले मीठ कुठून येते, हे शोधायला फार लांब जावे लागले नाही. पावसाळ्यासाठी पुरुमेंत, म्हणजे साठवणीचे जिन्नस, भरून ठेवण्याची आपली गोव्यातली जुनी रीत आहे : सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी), सोलां (आमसुले), आणि मिठागराच्या जाड मिठात मुरवलेले मिस्कूट, म्हणजे कैरीचे लोणचे. सकाळच्या पेजेबरोबर बाबा मिस्कुटाच्या दोन फोडी घेत आणि शेवटी वाटीतला खार पेजेत ओतून पीत. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हा खार बंद करायला सांगितला होता, पण गोळी सुरू आहे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. ही चूक आमची. परंतु वेष्टनावरच्या त्या ठळक ओळीने तिला आधार दिला, हेही खरे आहे.

‘क’ जीवनसत्त्व हवेच असेल, तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारा एक मध्यम पेरू प्रौढ माणसाची दिवसाची गरज सहज भागवतो, आणि त्यात सोडियम नावापुरतेच असते.

चव आणि सोय यांसाठी पाचपैकी दोन तारे देत आहे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी ही गोळी डॉक्टरांना सोडियमचा आकडा दाखवूनच घ्यावी. उत्पादकांनी तो आकडा वेष्टनाच्या पुढच्या बाजूला, त्या ‘संरक्षणा’च्या ओळीएवढ्याच अक्षरांत छापला, तर मी हे परीक्षण आनंदाने बदलेन. बाबांची पाचवी नळी आम्ही आणलेली नाही; मिस्कुटाची अर्धी फोड आता पाण्यातून धुऊन ताटात येते आणि खार बरणीतच राहतो.