लोहाराची कढई आणि माझे हिमोग्लोबिन : वर्षभराच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या आठवडी बाजारात पाल टाकून बसणाऱ्या एका लोहार कुटुंबाकडून मी गेल्या श्रावणात एक लोखंडी कढई विकत घेतली. किंमत ४५० रुपये, वजन पावणेदोन किलो, तोंड एक वीत आणि चार बोटे, दोन्ही बाजूंना ठोकून बसवलेले कान. भांडे म्हणून ती कशी आहे हे पुढे लिहितेच, पण मी ती घेतली होती औषध म्हणून, तिच्यातले लोह अन्नात उतरून रक्त वाढावे यासाठी. तेव्हा माझे वय ४९ होते, पाळी जायच्या बेतात होती आणि हिमोग्लोबिन ८.९ होते. स्त्रियांमध्ये ते निदान १२ असावे लागते. म्हणून या कढईविषयीचे माझे मत तिच्यात शिजलेल्या भाज्यांवर जितके आधारलेले आहे, तितकेच वर्षभरातील रक्ताच्या अहवालांवरही आहे.

माझे माहेर महानुभावांचे आणि सासर माळकरी, त्यामुळे अंडेसुद्धा कधी तोंडाला लागलेले नाही आणि पुढेही लागणार नाही. पन्नाशी जवळ येईपर्यंत त्याने काही बिघडले नव्हते. बिघडले ते पाळीची घडी विस्कटल्यापासून. कधी दोन-दोन महिने पाळी येत नसे आणि आली की दहा दिवस थांबत नसे. शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत पॅड पुरत नसे, म्हणून मी पिशवीत गडद रंगाची एक जादा साडी ठेवू लागले होते. या वयात दर महिन्याला बीज सुटतेच असे नाही, त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि मग एकदम भरपूर जाते, हे मला नंतर समजले. जिना चढताना लागणारा दम, रात्री पायांना न मिळणारा आराम, कंगव्यात येणारे केस, मध्येच अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, या सगळ्यांवर घरी आणि शाळेत एकच उत्तर मिळे : ‘वय झालं आता.’ त्यांतल्या वाफा खरोखरच वयाच्या होत्या. बाकीचे बरेचसे लोहाच्या कमतरतेचे होते, पण दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. तांदूळ निवडायला बसले की मी कच्चे तांदूळ मूठमूठ खात असे. खाल्ल्याशिवाय राहवत नसे. शरीरात लोह कमी पडल्याचे हे ओळखीचे लक्षण आहे. भाजलेली माती किंवा खापराचा तुकडा चघळणाऱ्या बायका आमच्या गावात आजही आहेत आणि त्यांची ती खोड म्हणून हेटाळणी होते. त्यांच्यातील प्रत्येकीचे रक्त तपासायला हवे, असे मला मनापासून वाटते.

तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात मला टॉनिकची मोठी बाटली मिळाली. पाळी किती दिवस जाते हे मात्र विचारले गेले नाही. बाटली संपली, दम तसाच राहिला. त्याच सुमारास शाळेतील सहकारी बाईंनी लोखंडी कढईचा उपाय सुचवला आणि मी त्याच आठवड्यात बाजार गाठला.

खरेदीची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण फसगत येथेच होते. बाजारात काळ्या रंगाची जी कढई दिसते ती सगळीच लोखंडाची नसते. काळा मुलामा दिलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडीही तशीच दिसतात. उचलून पाहिले की ती हलकी लागतात, आणि शंका राहिली तर चुंबक लावून पाहावे, जर्मनला तो चिकटत नाही. आतून गुळगुळीत लेप दिलेल्या, न चिकटणाऱ्या कढईत अन्नाचा लोखंडाशी संबंधच येत नाही, त्यामुळे लोहासाठी तिचा उपयोग नाही. माझी कढई साध्या लोखंडी पत्र्याची, हाताने ठोकलेली आहे. हातोड्याचे घाव बोटांना आजही लागतात. घेताना लोहारीण म्हणाली, ‘बाई, राती याच्यात काहीबी ठेवू नोका, सकाळी काळं मिट्ट होते.’ वर्षभरात मिळालेल्या सर्व सल्ल्यांत हा सर्वांत उपयोगी ठरला.

घरी आणल्यावर राख आणि चिंचेने ती तीनदा घासली, तिच्यात ज्वारीच्या कण्यांची पेज उकळून टाकून दिली, कोरडी करून चुलीवर तापवली आणि शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवला. पहिले पंधरा दिवस भाजीला लोखंडाचा वास आणि जिभेवर किंचित तुरट चव राहिली. घरच्या मंडळींनी ती सहन केली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. महिन्याभराने चव गेली. आता झुणका तिच्यात इतका सुरेख खरपूस होतो की स्टीलच्या कढईत केलेला कोणी मागत नाही. भरल्या वांग्याचा रंग मात्र काळपट येतो आणि तो तसाच येणार. दोष म्हणावेत असे दोनच. तळ पूर्ण सपाट नसल्यामुळे गॅसवर ती डुलते (चुलीवर हा प्रश्न नाही), आणि धुतल्यावर लगेच पुसून तेलाचे बोट लावले नाही तर तासाभरात गंज धरते.

तिची खरी परीक्षा अंबाडीच्या भाजीत झाली. धुऊन चिरलेली पाने, अर्धी वाटी तुरीची डाळ, मूठभर कण्या, हिरव्या मिरच्या आणि बेताचे पाणी, एवढे मी सरळ कढईतच शिजायला ठेवते. दहा मिनिटांत पानांचा हिरवा रंग उतरतो, कडेने शेवाळी आणि मग जवळजवळ शाईसारखी छटा येते. डाव फिरवला की तळाशी घासलेली वाट स्वच्छ चंदेरी दिसते आणि बाजूचा रस काळसर दिसतो. लोखंड अन्नात उतरताना डोळ्यांना दिसावे, असे हे एकमेव ठिकाण. शिजल्याबरोबर भाजी स्टीलच्या पातेल्यात काढायची आणि फोडणी वरून घालायची. थोडा वेळही ती कढईत राहिली तर तोंडात पैसा धरल्यासारखी चव येते.

कढईतून लोह उतरते यात शंका नाही. किती उतरते हे पदार्थाच्या आंबटपणावर, त्यातल्या पाण्यावर, शिजण्याच्या वेळेवर आणि भांडे किती जुने आहे यावर ठरते. अंबाडी, चुका, टमाट्याचे सार, चिंच घातलेले वरण यांत ते भरपूर उतरते. तेलावर परतलेल्या आलूच्या भाजीत किंवा कोरड्या भाजण्यात नावापुरते. येथे एक अडचण आहे, जिच्याविषयी कढई सुचवणारे कोणी बोलत नाही. वापरून वापरून भांड्यावर तेलाचा काळा थर बसतो. त्यामुळे स्वयंपाक सोपा होतो, भाजी चिकटत नाही, पण त्याच थरामुळे लोह उतरण्याचे प्रमाण घटते. भांडे म्हणून कढई जसजशी उत्तम होत जाते, तसतशी औषध म्हणून ती मंदावते.

शिवाय अन्नात उतरलेले सगळे लोह रक्तात जात नाही. वनस्पतींतून आणि भांड्यातून येणारे लोह आतड्यात फार थोडे शोषले जाते, शंभरातले पाच-दहा भाग शोषले गेले तरी पुष्कळ. जेवणाबरोबर चहा असेल तर तेही नाही, कारण चहातील तुरट द्रव्य लोहाला धरून ठेवते. माझ्या ताटाशेजारी गेली तीस वर्षे चहाचा कप होता. सकाळच्या पोळीबरोबर एक, शाळेतून आल्यावर भाकरीबरोबर एक. कढई आणली, अंबाडी शिजवली आणि वरून चहा प्याले, असे माझे पहिले तीन महिने गेले.

त्यामुळे दिवाळीनंतरचा अहवाल आला तो ९.२ चा. तीन महिन्यांत जेमतेम ०.३ चा फरक. त्या दिवशी मी खूप निराश झाले होते. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या डॉक्टर मॅडमकडे गेले, त्यांनी पहिला प्रश्न विचारला : ‘बाई, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का?’ एवढे रक्त दर पाळीला जात असेल तर कढईतून येणारे लोह म्हणजे तळाला भोक पडलेल्या रांजणात तांब्याने पाणी ओतणे आहे, हे त्यांनी मला शांतपणे पटवून दिले. सोनोग्राफी झाली, आणि पंचेचाळिशीनंतर इतका रक्तस्राव होत असेल तर अस्तराचा तुकडा तपासावाच लागतो, म्हणून तेही झाले. अहवाल निर्धोक आला. स्राव कमी करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

रक्ताच्या तपासण्यांत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, फक्त ६ निघाला. १५ च्या खाली आला की साठा संपला असे धरतात. नुसते हिमोग्लोबिन पाहून हे कळत नाही. ब-१२ जीवनसत्त्वही कमी होते, जे जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाकडून अपेक्षितच होते, आणि त्याची इंजेक्शने वेगळी घ्यावी लागली. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणीही त्यांनी करून घेतली. विदर्भात हा आजार आणि त्याचे वाहक पुष्कळ आहेत. रक्त कमी होण्याचे कारण सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा दुसरा आनुवंशिक रक्तविकार असेल तर उपचार वेगळा असतो, आणि लोह कमी नसताना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहणे घातक ठरू शकते. आमच्या भागातील कोणीही कढई किंवा गोळी, यांपैकी काहीही ‘रक्तवाढीसाठी’ सुरू करण्यापूर्वी ही एक तपासणी करून घ्यावी.

मला लिहून दिलेली गोळी आरोग्य केंद्रात मिळते तीच साधी लाल गोळी होती, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली. ती दिवसाआड घ्यायला सांगितली. एक गोळी घेतल्यावर शरीर साधारण दिवसभर लोहाचे दार अर्धवट लावून घेते, म्हणून दुसऱ्या दिवशी लगेच घेतलेली गोळी पुरती अंगी लागत नाही, आणि दिवसाआड घेतली तर पोटालाही कमी त्रास होतो. पहाटे लिंबूपाण्याबरोबर गोळी आणि त्यानंतर एक तास चहा-दूध काही नाही, हा नियम मी पाळला. शौचाला काळी होते, थोडा बद्धकोष्ठही झाला. इसबगोलाने तो निभावला.

आहारातही फरक केला, पण तो थोडक्यात सांगते. स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, असे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ आणि बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या वर लोह असते. रेशनच्या तांदळावर आलेले आमचे रात्रीचे जेवण मी पुन्हा भाकरीवर आणले. आठवड्याला दोन उपवास होते, त्यांतील साबुदाण्यात लोह जवळजवळ नसतेच, म्हणून राजगिरा आणला. जेवणाशेवटी जांब (पेरू), संत्र्याच्या चार फोडी किंवा आवळा, कारण क जीवनसत्त्वासोबत लोह चांगले शोषले जाते. आणि चहा जेवणापासून तासभर दूर नेला. सर्वांत कठीण हेच गेले.

फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ११.१ झाले, मे महिन्यात १२.४. साठा भरून निघावा म्हणून गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवल्या आणि या श्रावणात फेरिटिन ३८ आले. कच्च्या तांदळाची ओढ जानेवारीतच गेली होती. ती कधी गेली तेही मला कळले नाही. एके दिवशी तांदूळ निवडून झाले आणि तोंडात एकही दाणा गेलेला नाही, एवढेच लक्षात आले.

हे श्रेय कढईचे नाही. रक्तस्राव आटोक्यात आला, गोळी नेमाने घेतली आणि चहा बाजूला झाला, यांमुळे हे झाले. कढईचा वाटा आहे, पण तो पुढच्या काळासाठी आहे. पाळी पूर्ण थांबली की स्त्रीची लोहाची गरज उतरते, गोळ्या बंद होतात, आणि तेव्हा रोजच्या जेवणातून हळूहळू येणारे थोडे लोह साठा टिकवायला पुरेसे ठरू शकते. त्यासाठी ही कढई मला योग्य वाटते. मात्र पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्त पुन्हा कमी झाले तर त्याचे खापर पाळीवर फोडता येत नाही. आतड्यातून कोठे रक्त जाते आहे का, हे पाहावे लागते. आणि वर्षभरानंतर पुन्हा अंगावर गेले, एक डाग का असेना, तर त्याच आठवड्यात दाखवावे.

एक खंत नोंदवल्याशिवाय राहवत नाही. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा लाभार्थी गट आहेत. त्यांत बालके आहेत, किशोरवयीन मुले-मुली आहेत, गरोदर आणि स्तनदा माता आहेत आणि २० ते ४९ वयाच्या स्त्रिया आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तीही मोजणी १५ ते ४९ वयाचीच. ज्या वयात पाळी जाताजाता सर्वांत जास्त रक्त नेते, त्याच वयाच्या उंबरठ्यावर यादी संपते. पन्नाशीच्या बाईला गोळी मिळते, पण तिने स्वतः डॉक्टरांपर्यंत जावे लागते, आणि निंदणाची मजुरी बुडवून आमच्याकडे किती जणी जातात, हे मी रोज पाहते.

कढई घ्यायची असेल तर चौघांच्या घराला माझ्याएवढी पुरते. याहून मोठी एका हाताने उचलत नाही. कान पत्र्याचे नसून सळईचे आहेत हे पाहून घ्या. माझ्या कढईचा डावा कान उन्हाळ्यात सैल झाला होता. लोहारीण त्याच जागी पाल टाकून होती, तिने २० रुपयांत तो पुन्हा ठोकून दिला.